गढी आणि माळा

बोत्स्वानातलं माऊन सोडल्यापासून नुसती वाळू. टायरमधली हवा कमी केली की गाडी रुतत नाही, हे ज्ञान आम्हाला रुतल्यावर झालं. गाडी भाड्याची, तिच्या टपावर घडीचा तंबू. आमच्या हिने पहिल्याच रात्री त्याचं नाव 'माळा' ठेवलं.

चोबे राष्ट्रीय उद्यानातल्या सावुतीला पोचलो, तर समोर चक्क गढी! जाडजूड तटबंदी, आत शिरायला जेमतेम माणसापुरती वाट. बोत्स्वाना सरकारला आपली एवढी काळजी, म्हणून भरून आलं. आत डोकावलो, तर न्हाणीघरं आणि संडास. झोपायचं बाहेरच, विनाकुंपण, कापडाच्या आत.

तट हत्तींसाठी होता. १९८२ साली सावुतीचा प्रवाह आटला आणि पुढे पाव शतकाहून जास्त काळ कोरडाच राहिला. तहानलेल्या हत्तींना नळांचा पत्ता लागला. सोंडेपुढे पाइपाचं काय चालणार? ज्या देशाने आपल्या चलनाचं नावच 'पुला' म्हणजे पाऊस ठेवलंय, तिथे नळाला तटबंदी मिळाली, यात मला गैर वाटलं नाही. हत्तींचाही राग येईना. टँकर तासभर उशिरा आला की आमच्या सोसायटीत काय होतं, ते मी पाहिलंय. सोंडा नाहीत, एवढंच.

प्रश्न वेगळाच होता. गढी आणि माळा यांत शंभरेक पावलं, अंधार पडल्यावर पायी फिरायला मनाई आणि माझं वय सदुसष्ट. दुपारी चारनंतर मी चहासुद्धा घेतला नाही. (घरी डॉक्टरांनी सांगूनही हे जमलेलं नाही.)

तरी दोनला जाग आलीच. शिडीला हात घातला आणि खाली काडकन फांदी मोडली. हत्तीची पावलं वाजत नाहीत, वाजतं त्याचं जेवण. फटीतून पाहिलं, तर चांदण्यात राखाडी पाठ, जवळजवळ माळ्याच्या उंचीची.

"किती आहेत?" ही कुजबुजली.

"एकच. पुरेसा आहे."

"धरवेल ना?"

मी उत्तर दिलं नाही. श्वास रोखून, पाय आवळून बसलो. हत्तीने निवांत फांदी संपवली, दोन पावलं पुढे सरकला आणि आमच्या शिडीशीच उभा राहून मोकळा होऊ लागला. बादलीमागून बादली उपडी करावी तसा आवाज. संपता संपेना.

शेजारी पांघरूण गदगदा हलत होतं.