बाबांचे पाय फरीदाबादला पोचले

बल्लभगढ, जि. फरीदाबाद
ज्येष्ठ, ऐन उन्हाचा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल. विंध्याच्या पलीकडे सगळा परदेश, या आजीच्या हिशेबानं आम्ही परदेशातच आहोत, तर तिकडची नवलाई ऐका. बाहेर पारा 45 वर आणि मी मांडीपर्यंत घट्ट मोजे चढवून कामाला जातो. डोकं ठिकाणावर आहे, बिघडल्यात त्या शिरा.

डाव्या पोटरीवरच्या निळ्या गाठी आईनं गणपतीतच पाहिल्या होत्या आणि एरंडेल चोळायला सांगितलं होतं. चोळलं. कातडी तुकतुकीत झाली, गाठी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सर्जन गाठला. त्यांनी मला उभं करून डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली. जांघेजवळची झडप गळते म्हणाले. पायांच्या शिरांत झडपा असतात. चालताना पोटरी आवळली की रक्त वर चढतं आणि मागे झडप मिटते. माझी मिटतच नाही. त्यामुळे वर गेलेलं रक्त पुन्हा खाली उतरतं आणि शीर फुगून वेडीवाकडी होते. या झडपांची चित्रं इटलीतल्या फॅब्रिशियसनं 1603 साली छापली. त्याचा शिष्य हार्वे, त्यानं 1628 मध्ये रक्त शरीरात कसं फिरतं ते मांडताना याच झडपांचा दाखला दिला. शिवाजी महाराज जन्मायच्या आधी छापून आलेली गोष्ट आपल्या घरी आत्ता पोचली!

डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला आहे?” मला तुम्हीच आठवलात, बाबा. सगळी नोकरी एसटीत उभ्यानं तिकिटं फाडण्यात गेली. खाकी पँटीखाली काय आहे ते कुणाला दिसलं नाही, पण पंचा नेसून न्हाणीत जाताना तुमच्या पोटऱ्यांवरचा नकाशा मी लहानपणापासून बघतोय. आजोबांची जमीन काकांच्या नावावर गेली. या शिरा मात्र सातबाऱ्यावर नोंद न होता थेट माझ्याकडे आल्या.

घरमालकीण जाट आहे. पानिपताहून मागे फिरलेल्या आपल्या लोकांना भरतपूरच्या सूरजमल जाटानं खाऊपिऊ घातलं होतं. हिनं तेच काम पुढं चालवलंय. माझा पाय बघितला आणि तुपाचा डबा घेऊनच वर आली. अर्धं पोटात, अर्धं पोटरीला. तिचा नातू लष्करभरतीसाठी पहाटे पळतो. शिरा फुगलेल्या असल्या तर मेडिकलमध्ये पोरगं बाद होतं, हे ठाऊक असल्यानं त्यानं माझी पोटरी निरखून पाहिली, मग पायजमा वर करून स्वतःची, मग परत माझी. तेव्हापासून माझ्याशेजारी बसत नाही. हे काय पसरणारं दुखणं आहे का, पण समजावणार कोण?

कामावर मी लाइनीवर तपासणीला असतो, म्हणजे पाळीभर उभा. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, असं 1948 च्या कारखाना कायद्याच्या 44 व्या कलमात लिहिलं होतं. आमच्याकडे स्टूल आहे, त्यावर रजिस्टर बसतं. मी आता ताटकळत न राहता मुद्दाम येरझाऱ्या घालतो. साहेबाला वाटतं, पोरगा फार कामसू.

मागल्या महिन्यात लेझर करून घेतलं. तुम्ही काळजी कराल म्हणून आधी कळवलं नाही. शिरेत बारीक तार सरकवतात आणि आतून तापवून शीर बंद करतात. भोवती भूल देताना टोचतात तेवढंच काय ते; त्याच दिवशी चालत घरी आलो. आई लगेच विचारेल, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? आतल्या मोठ्या शिरांतून. बहुतेक रक्त आधीही तिकडूनच जात होतं. मात्र पुढेमागे दुसरी शीर फुगू शकते, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

मोज्यांचे मात्र हाल विचारू नका. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत चढवायचे. तुमची सून भांडी घासायचे रबरी हातमोजे घालते, पलंगाला पाय लावते आणि ओढते. पैठणी नेसायला तिला एवढा वेळ लागत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहितोय. बाबा, तुमच्या घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट डाग आहे आणि तिथं तुम्ही सारखं खाजवता. त्याला उन्हाचा डाग म्हणू नका, ऊन पँटीत शिरत नाही. ती कातडी फुटली तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पेरणी उरकायची वाट न बघता कराडला डॉपलर करून या. आई, तू बरोबर जा, नाहीतर ते स्टँडवर चहा पिऊन परत येतील.

तुमचा,
धाकटा

ता. क. : माझ्या मोज्यांचा जादा जोड आहे, पण तो पाठवणार नाही. बाबांची तंबाखू बघता पायाला रक्त नीट पोचतं की नाही हे डॉक्टरांनी आधी तपासायला हवं. तिथं कमी असेल तर घट्ट मोजे उलट घात करतात. त्यांनी हो म्हटलं तर सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत, घोट्याचं आणि पोटरीचं माप टेपनं घेऊन कळवा. आईनं घ्यावं. बाबा स्वतः घेतील तर बारीकच भरेल.