नोटीसकाका

मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याच्या अलीकडे-पलीकडे चहाला थांबलात, की बाकड्यावर नोटीसकाका भेटणारच. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी अभयारण्यात पक्षी शोधतात, काका घाबरलेला करदाता शोधतात. त्यांनी स्वतः कधी विवरणपत्र भरलंय का, हे विचारायची कुणाची छाती नाही.

सावज आलं की हात पुढे. "आण मोबाइल." चष्मा कपाळावर ठेवूनच मेसेज वाचतात. "एकशे त्रेचाळीस एक! गेलास रे बाबा. वकील बघ." समोरच्याचा चहा तिथंच गार. वास्तविक 143(1) म्हणजे नुसती कळवणी. तुमचा हिशेब आणि खात्याचा हिशेब शेजारीशेजारी मांडलेला असतो. जुळला तर विषय संपला. पुष्कळदा फरक निघतो तो मुदतठेवीच्या व्याजाचा. बँकेने कापलेला टीडीएस खात्याच्या फॉर्म 26एएसमध्ये दिसतो, व्याज मात्र आपण दाखवलेलंच नसतं. हे काकांना सांगून पाहा. "तू सीए का?"

जमिनीचा विषय निघाला की काका मांडी घालूनच बसतात. "शेतजमीन विकली तर कसला टॅक्स? पनवेल किती लांब, किलोमीटरचा दगड बघ!" दगड कायद्याला चालत नाही. लाख ते दहा लाख वस्तीच्या पालिकेच्या हद्दीपासून 6 किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली, तर भांडवली नफ्यावर कर लागतो. शिवाय अंतर मोजायचं हवेतून, सरळ रेषेत. रस्त्याची वळणं जमेस धरत नाहीत. हे ऐकल्यावर काकांनी अभयारण्याकडे हात केला. "म्हणजे आमच्या जमिनी आता पाखरं मोजणार!"

त्यातच 1961चा आयकर कायदा बदलला. 1 एप्रिल 2026पासून नवा लागू, कलमं 819ची 536 झाली. काका चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. सगळं पाठांतर पाण्यात!

पण माणूस वाईट नाही. कुणी एकट्याने घाबरू नये, एवढीच त्यांची तळमळ. म्हणून सगळ्यांना एकत्र घाबरवतात.

तेव्हा नोटीस आली तर आधी ती स्वतः वाचा. तिच्यावरचा ओळख क्रमांक आयकर खात्याच्या संकेतस्थळावर टाकून ती खरी की खोटी ते बघा, 26एएसशी आकडे ताडा आणि मुदतीत उत्तर द्या. अडलंच तर सीए गाठा. मग खुशाल काकांकडे जा. चहाचे पैसे तुम्हीच द्यायचे. त्यावर कुठल्याच कलमात सूट नाही.