तवंदीला जागा बघायची म्हणं

"शेजारच्यांची भट्टी हलवालेत म्हणं कर्नाटकात. तुमच्या कानावर आलं का नाही?"

मला विचारताना अक्कांनी कंपौंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली होती आणि आवाज इतका बारीक केला होता की तो नेमका ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्यांनाच ऐकू गेला. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत बारीक आवाजाची हीच रीत. वहिनी अंगणात चटणीच्या मिरच्या उन्हात पसरत होत्या. हात पदराला पुसत भिंतीशी आल्या.

"हलवत नाहीत ओ अक्का. नुसतं बघालेत. तवंदीच्या अंगाला जागा मिळती का बघतो म्हणालेत हे."

"तवंदी म्हंजे घाटातली? निपाणीच्या फुडची?"

"तीच."

"मग त्येला कर्नाटक कशाला म्हणायचं? तिथं सगळी आपल्यागतच बोलत्यात की."

"बोलत्यात आपल्यागत, पण लायटीचं बिल त्यांच्यागत येतंय. तेच तर पाहिजे आहे."

ही जायची भाषा कोल्हापूरला नवी नाही. 2013 च्या आसपास वीजदरावरून शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार रस्त्यावर आले, आम्ही आपलं कर्नाटकात जातो असं सरकारला सुनावून मोकळे झाले, आणि पलीकडच्या सरकारनंही 'या की' म्हणून आवतण धाडलं. तवंदीच्या जागेचं नाव तेव्हापासून आमच्या गल्लीत फिरतंय. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्यातलं निम्मं जाणं हे रुसलेल्या जावयाचं जाणं असतं: मांडवाच्या दारापर्यंत जायचं आणि मागं कोण समजूत काढायला येतंय ते बघायचं. पण निम्मंच. उरलेल्या निम्म्यात हिशेब असतो, आणि वहिनींना तो तोंडपाठ होता.

"एक टन लोखंड वितळवायला पाच-सहाशे युनिट जातात. आता धरा, युनिटमागं 1 रुपया वाचला. टनाला 600 रुपये झाले. महिन्याला 200 टन ओतलं तर 1,20,000. वर्षाचं तुम्हीच करा."

अक्कांनी वर्षाचं केलं नाही. "आन् भट्टी उचलून न्यायला किती लागत्यात?"

"ते मी विचारलं नाही."

"तेच इचारायचं असतंय, खुळे!"

प्रश्न बरोबर होता. इंडक्शन फर्नेस म्हणजे घरचा मिक्सर नव्हे, प्लग काढला आणि दुसरीकडं लावला असं होत नाही. पाया, ट्रान्सफॉर्मर, क्रेन, वाळूचा प्लांट, नवं वीजजोडणीचं कागदपत्र, प्रदूषण मंडळाची परवानगी, सगळं पहिल्यापासून. शिवाय कोल्हापूरची भट्टी एकटी चालत नाही. पॅटर्न करणारा उद्यमनगरात, मशीनिंगवाला शेजारच्या प्लॉटवर, भट्टीचं अस्तर भरणारा एका फोनवर हजर. ही माणसं तवंदीला कोण नेणार?

"आन् तिकडं गेल्यावर कन्नड?" अक्का.

"शाळेत सक्तीचं आहे. आमच्याकडं आता शाळेतलं कोण आहे म्हणा. पण दारावरची पाटी 60 टक्के कन्नडात पाहिजे, असा 2024 ला कायदा केलाय त्यांनी."

"कोण वाचणार हाय ती? वाळूचा ट्रकवाला?"

"वाचायला नसती ओ पाटी."

अक्कांनी मग जुनं उकरून काढलं. 2021 च्या सुरुवातीला कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागत होते, तेव्हा त्यांच्या भाचीचं साखरपुड्याचं वऱ्हाड तिथनंच माघारी आलं. कोल्हापुरातून वीसेक किलोमीटर गेलं, दूधगंगा ओलांडली की कोगनोळी. एरवी तिथं माणूस चहाला थांबतो आणि राज्य बदललेलं ध्यानातही येत नाही. पुढं 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पेटला आणि एसट्या बंद झाल्या. "आज ह्यो नाका उघडा हाय. उद्या कोण काय बोललं, बंद. मग तुझं कास्टिंग नाक्यावर बसलं का वाटेत?"

"आणि शिरोलीत बसत नाही वाटतं?" वहिनी उसळल्या. "2019 ला हायवे पाण्याखाली, 2021 ला परत पाण्याखाली. तेव्हा कुठलं राज्य आडवं आलं होतं?"

"अलमट्टीनं आणलं ते पाणी! कर्नाटकानं!"

"मग पाणी जिकडनं येतंय तिकडंच जाऊन बसलेलं बरं नव्हं?"

यावर अक्कांना उत्तर सुचलं नाही. अलमट्टी धरणावर कोल्हापुरात वाद घालायला लागलं की संध्याकाळ होते, म्हणून मीच विषय वळवला आणि किर्लोस्करांचं काढलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात होते, सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत त्यांची गाडी आली होती. नगरपालिकेला ती जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि त्यांना उठावं लागलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं, आणि 1910 मध्ये निवडुंग काढून किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे इंग्रजी हद्दीतनं उठून संस्थानी हद्दीत. आज जाणारे बेळगावच्या बाजूला तोंड करतात, तेव्हाचा माणूस बेळगावकडं पाठ करून इकडं आला. आणि त्याच घराण्यानं पुढं 1941 ला म्हैसूर संस्थानात हरिहरला कारखाना घातला. कारखानदाराला मुलूख नसतो असं मी म्हणत नाही. पण जागा, पाणी आणि राजाची मर्जी जिथं तिथं तो जातो, एवढं खरं.

"तेंच्या पाठीशी राजा होता," अक्का म्हणाल्या. "हिच्या मालकाच्या पाठीशी कोण हाय? बँक."

वहिनींनी मिरच्या उलट्यापालट्या करायला घेतल्या. मी विचारलं, यंदा कुठल्या आणल्या?

"संकेश्वरी. आणि रंगाला ब्याडगी."

संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, ब्याडगी हावेरी जिल्ह्यात. त्यातनं होणार ती कोल्हापुरी चटणी, जी पुण्या-मुंबईचे पाहुणे बरण्या भरभरून नेतात. चपलेचंही तसंच. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. रायबाग तर कोल्हापूर संस्थानातच होतं. 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि आज रायबाग बेळगाव जिल्ह्यात आहे. इथली माणसं जागची हलली नाहीत आणि त्यांची राज्यं मात्र दोन-दोनदा बदलली. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावच्या माणसानं काय सामान बांधलं होतं? काही नाही. सकाळी उठला तो म्हैसूर राज्यात.

"निपाणीच्या अलीकडं पण एक जागा दाखवलीय एजंटनं," वहिनी म्हणाल्या. "तवंदीपेक्षा महाग आहे, पण सपाट आहे."

इथं मला राहवलं नाही. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात जी 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं, त्यात निपाणी आहे. आपल्या सरकारनं तो अहवाल मानला नाही, कारण त्यात बेळगाव शहर नव्हतं, आणि 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. समजा उद्या निकाल लागला, निपाणी महाराष्ट्रात आली.

अक्कांचा चेहरा आधी उजळला, मग त्या खदखदा हसायला लागल्या. "म्हंजे हेनी एवढी भट्टी उचलून न्यायची, पाटी कन्नडात रंगवायची, आन् एक दिवस सकाळी परत महावितरणचंच बिल!"

"अक्का, हसू नका. हे ऐकलं तर आमचे हे खरंच कोर्टात कर्नाटकाच्या बाजूनं उभारतील."

गल्लीत पुढं दोन दिवस हा विनोद फिरला, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो वहिनींच्या मालकांनाच ऐकवला. ते हसले नाहीत म्हणे.

त्या दिवशी भिंतीशी मला मात्र मधेच दुसरी गोष्ट दिसत होती आणि ती दोघींनी काढली नव्हती. या भट्टीवर मोल्डिंगला आणि ओतायला जी पोरं आहेत ती बिहार-ओडिशाची. कारखान्याच्या मागच्या खोल्यांत राहतात, छठला, सणावाराला गावी जातात, गाडीला उभं राहून जातात आणि परत येतात. घर सोडायचं का नाही हा प्रश्न त्यांनी दीड-दोन हजार किलोमीटरवर सोडवून टाकलाय, आणि आपण चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या तवंदीसाठी भिंतीला टेकून बसलोय. विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांचंही तसंच. दुष्काळानं गाव सोडलं आणि सोनं-चांदी गाळत तमिळनाडू, केरळपर्यंत गेले. त्यांना कुणी विचारलं नाही, अस्मितेचं काय म्हणून.

हे बोलून दाखवल्यावर वहिनी गप्प झाल्या. मग भिंतीवरचा पोपडा नखानं काढत म्हणाल्या, "आमचा पोरगा कुठं आहे माहितंय नव्हं?"

माहीत होतं. बेंगळुरात. सॉफ्टवेअरमध्ये.

"तो कधीचाच गेलाय कर्नाटकात. परवा फोनवर ह्यांनी तवंदीचं सांगितलं. तर म्हणाला, बाबा, शिरोलीत असू दे नाही तर तवंदीला, मी काय भट्टीवर येणार नाही."

"मग हे कुणासाठी चाललंय?" अक्कांनी विचारलं, अगदी सरळ.

"तेच ह्यांना विचारायचं धाडस होईना. साठी आलीय. नवी भट्टी घालून ती रुळावर यायला पाच वर्षं जाणार. युनिटमागचा रुपया वाचेलही. पण तो कुठल्या खिशात जाणार ते सांगा."

अक्कांनी जरा वेळ काढला. आणि मग कोल्हापूरचीच बाई, पदर सावरत म्हणाल्या, "जागा बघायला कवा जाणार हाय?"

"रविवारी."

"मग गाडीत मला एक जागा ठेवा. तवंदी बघून झाली की तसंच फुडं सौंदत्तीला जाऊ. मार्गशीर्षात एसटीत जीव जातोय माझा, आता काय गर्दी नसंल. यल्लम्मा आईला विचारून बघू, हिकडं ऱ्हाऊ का तिकडं येऊ. ती बी कर्नाटकातच हाय, तिला दोन्हीकडचं म्हाईत असणार."

"ह्यांना विचारून सांगतो," वहिनी म्हणाल्या. "पण डिझेल निम्मं तुमचं."