बंधेच्छुक अणूंसाठी सूचनापत्रक

१. पात्रता : अर्जदाराने आपल्या सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन मोजावेत. आठ भरल्यास अर्ज करू नये. निऑन करीतही नाही. हायड्रोजनला दोनांवर भागवण्याची सवलत आहे.

२. आयनिक बंध : सोडिअमने (२, ८, १) एक इलेक्ट्रॉन सोडावा, क्लोरिनने (२, ८, ७) तो घ्यावा. सोडिअमने मात्र दानशूरपणाचा आव आणू नये. तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च येतो आणि क्लोरिनकडून जेमतेम ३४९ सुटतात. उरलेली १४७ ची तूट भरून निघते ती विरुद्ध प्रभारांच्या ओढीने : विखुरलेले आयन स्फटिकात दाटीवाटीने बसले, की सुमारे ७८७ किलोज्यूल मोकळे होतात.

३. चौकशी : ‘यातला माझा क्लोरिन कोणता?’ असे सोडिअमने विचारू नये. स्फटिकात प्रत्येकाला सहा विरुद्धप्रभारी शेजारी असतात. मिठाच्या सूत्रात दोघांची नावे जोडीने छापतात, ती फक्त १:१ हे प्रमाण सांगण्यासाठी. हा गोतावळा मोडायचा, म्हणजे मीठ वितळवायचे, तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पाण्याला तेच काम पेलाभरात जमते.

४. सहसंयुज बंध : दोघेही घेणारेच असतील, तर इलेक्ट्रॉन सामाईक ठेवावेत. क्लोरिनचे दोन अणू प्रत्येकी सात घेऊन येतात, एकेक मध्ये ठेवतात आणि दोघेही नोंदवहीत आठ दाखवतात. चौदांचे सोळा होतात. पण हरकत घेऊ नये, जी. एन. लुईस यांनी १९१६ सालीच या पद्धतीला मान्यता दिली आहे. नायट्रोजनने तीन जोड्या सामाईक ठेवाव्यात. तो बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात.

५. निवड : पाउलिंग यांच्या तक्त्यातून दोघांची विद्युतऋणता काढून वजाबाकी करावी. फरक १.७ च्या वर गेल्यास आयनिक, खाली राहिल्यास सहसंयुज. सोडिअम-क्लोरिनचा २.२३, म्हणून आयनिक. हायड्रोजन-फ्लोरिनचा १.७८ असूनही त्यांचा बंध सहसंयुजच आहे. नियम दाखवून वाद घालू नये. पाण्यात फरक १.२४, म्हणजे इलेक्ट्रॉन सामाईक, पण ओढ ऑक्सिजनकडे. सामाईक म्हणजे समसमान, असा समज करून घेऊ नये.

६. विद्यार्थ्यांसाठी : ‘अणूला अष्टक पूर्ण करायचे असते’ असे उत्तरपत्रिकेत खुशाल लिहावे, गुण मिळतात. प्रत्यक्षात अणूला हवे-नको काहीच नसते. एकूण ऊर्जा घटली तर बंध होतो, नाहीतर अर्ज नामंजूर.