प्यायला का गाडीला?

धोंड्याच्या महिन्यात जावई सासुरवाडीला जातो तो तेहतीस अनारसे घ्यायला. मी गेलो आणि वाटेत सात ठिकाणी पाणी मागितलं.

अधिक महिना श्रावणात येतो, आश्विनात येतो. पण 2018 साली तो ज्येष्ठात आला आणि 16 मेला लागला. सासुरवाडी किल्लारी, लातूर जिल्हा, तालुका औसा. म्हणजे ज्या दिवसांत तिथली कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, त्या दिवसांत आम्हाला आग्रहाचं बोलावणं. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असा सरळ रस्ता आहे आणि शहाणी माणसं त्या रस्त्यानं जातात. मी तुळजापूर, उजनी, औसा, लामजना असा वळसा घेतला, कारण उजनीला बासुंदी मिळते. (ही औसा तालुक्यातली उजनी. धरणाची उजनी वेगळी. तिथं नुसतं पाणी.)

निघताना बॉनेट उघडून बघितलं होतं. म्हणजे देवघरातल्या तसबिरीकडे बघतात तसं. हात जोडले आणि झाकण लावलं. आत रेडिएटरचे दोन पाईप गाडीच्याच वयाचे होते, चौदा वर्षांचे, आणि कधी बदलले नव्हते. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, मालकाचा होता.

सोलापूर सोडलं, तुळजापूरचा घाट लागला आणि काटा हलला. एरवी मधोमध सुस्त पडलेला तो काटा वर सरकायला लागला.

"हा नेहमी एवढा वर असतो?" बायकोनं विचारलं.

"ऊन आहे ना."

"काट्याला कुठं लागतंय ऊन?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, पण उपाय होता. इंजिन तापलं की एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून इंजिनाचं तापलेलं पाणी फिरवणारा एक छोटा रेडिएटर. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. म्हणजे शेवटी आपल्या अंगावर. बाहेर बेचाळीस, आत हीटर आणि बायको माहेरी निघालेली. काटा एक घर खाली आला. बायको बोलायची थांबली, हे मला काट्यापेक्षा गंभीर वाटलं.

उजनीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली. एका हॉटेलापुढं गाडी कशीबशी लावली आणि पाणी मागितलं. चुलीपुढच्या बाईंनी वळूनही न बघता विचारलं, "प्यायला का गाडीला?"

पुण्यात पाणी एकच असतं. ते नळाला येतं किंवा येत नाही. इथं दोन पाणी आहेत. प्यायचं जारमधलं, ते तांब्यातून मिळतं. गाडीचं भांडी विसळलेलं, ते बादलीतून मिळतं. नाही कोणी म्हणत नाही, पण चूक झालेली चालत नाही. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ज्या जिल्ह्यानं पिण्याचं पाणी आगगाडीतून उतरवून घेतलंय, तिथं मी गाडीसाठी बादली मागत उभा.

एक उत्साही तरुण गोणपाट घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. त्याला मी मिठीच मारली. हे झाकण कुकरच्या शिट्टीचं सख्खं भावंड. आत दाब धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांना उकळणारं पाणी त्याहून वर जाऊनही गप्प बसतं. तापलेलं असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एकदम उकळून उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. थांबणं एवढाच इलाज. दोन वाट्या बासुंदी, मग अजून एक. बासुंदीला दूध आटवायला धीर लागतो, इंजिन निववायलाही लागतो. फक्त दुसऱ्या धीराला साखर नसते.

गळती वरच्या पाईपला होती, अगदी क्लिपच्या काठाला. केसाएवढी चीर, पण बोटानं दाबलं की ओठांसारखी उघडायची. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापली, ताणताणून पाईपवर गुंडाळली, वरून बाइंडिंगची तार आवळली. मग म्हणाला, "झाकण एक घर ढिलं ठेवा. दाब धरला की पट्टी उडंल." बरोबर होतं त्याचं. दाब नाही म्हणजे गळती कमी. पण दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार. सगळा हिशोब दर दहा-बारा किलोमीटरला एक बादली असा बसला.

तसे आम्ही औश्याला थांबलो, लामजना पाटीला थांबलो, मध्ये एका वस्तीवर थांबलो. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. चौथ्या ठिकाणापासून मी न विचारताच सांगायला लागलो, "गाडीला." एका आजोबांनी मात्र माझ्या तोंडाकडे बघून बादली गाडीला दिली आणि तांब्या मला दिला.

किल्लारीत शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. गावाचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आणि पुण्यातल्या पेठांना लाजवतील असे रुंद, एकासारखा एक. नवं गाव आहे हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात जुनं गाव गेलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्यांवर आलं. पुढं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं दुसऱ्या जागेवर वसवली, त्यातलं हे एक. आमच्या मामी, म्हणजे सासूबाई, धोंड्याचं जेवण म्हणत नाहीत. अधिकाचं जेवण म्हणतात. लग्नाला बारा वर्षं झाली, मी कारण विचारलेलं नाही.

"आलाव का बापू?" मामा अंगणातच होते. गाडी फुसफुसत शिरली. मामांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडले, "अगं, दोन पाण्याचे तांबे आण. एक पिण्याचा."

रात्री मेहुणा म्हणाला, "दाजी, सकाळी मिस्त्रीला बोलावू." मी म्हणालो, "पाईप बदलायला मिस्त्री कशाला?" हे वाक्य मी बासुंदीच्या जोरावर बोललो.

सकाळी लिंबाखाली काम सुरू केलं. आधी पाणी सोडायचं. त्यासाठी रेडिएटरच्या बुडाशी एक नट असतो. मी गाडीखाली आडवा झालो आणि तो नट शोधायला लागलो. गल्ली जमली. जावई गाडीखाली आणि फक्त पाय बाहेर, हे दृश्य किल्लारीला नवीन होतं.

"सापडंना का?" मामा वरून म्हणाले. "भूकंपानंतर हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी इथं भोक पाडलं, 617 मीटर. 338 मीटर नुसता काळा खडक लागला, त्याच्याखाली पार जुना दगड. ते त्यांना सापडलं. तुमचा नट वीतभर वर आहे."

सापडला. घमेल्यात फिकट हिरवं पाणी जमलं. आणि तेवढ्यात मामांचं वासरू दावं तोडून आलं व घमेल्यावर मान घालायला लागलं. मी गाडीखालून ओरडलो, डोकं बंपरला आपटलं, पुन्हा ओरडलो. कूलंट चवीला गोड आणि जनावराला जीवघेणं असतं. मेहुण्यानं वासरू ओढलं, मामींनी घमेलं उचललं आणि झाकून माळ्यावर ठेवलं. मला हळदीचा लेप मिळाला.

आता पाईप काढणं. क्लिपचा स्क्रू गंजून एक झाला होता. तो पक्कड, घासलेट आणि मामांच्या शिव्या या क्रमानं सुटला. पाईप मात्र तोटीला असा चिकटलेला की जणू तिथंच जन्मला. इथं जोर करायचा नसतो, कारण रेडिएटरची तोटी प्लास्टिकची; ती मोडली तर तीनशेच्या पाईपपायी रेडिएटर घ्यावा लागतो. मी मामांच्या दाढीचं पातं घेऊन पाईपला उभा छेद दिला आणि केळं सोलावं तसा सोलून काढला. चिरलेला पाईप हातात घेतला तर वरून पापडासारखा कडक, क्लिपजवळ भिजलेल्या चपातीसारखा लिबलिबीत. दोन बोटांत दाबून बघितला असता तर पुण्यातच कळलं असतं. चौदा वर्षांत दोन बोटं मोकळी झाली नाहीत.

तो पाईप कापडी पिशवीत घालून मी एसटीनं लातूर गाठलं. कंडक्टरनं पिशवीतून डोकावणारं ते काळं वाकडं तोंड बघून विचारलं, "धामण हाय का?" सुट्या भागांची दुकानं कुठं म्हणून विचारत विचारत मी गंजगोलाईत जाऊन पडलो. 1917 मध्ये बांधलेला हा गोल बाजार, आणि त्याला सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनं, एकावर चपला, एकावर गूळ, एकावर मिरची. मी मधल्या देवीला प्रदक्षिणा घालत दर रस्त्याच्या तोंडाशी पाईप दाखवत होतो. मिरचीवाला म्हणाला, "ह्यो पाईप इथं मिळत न्हाई, पण वास कशाचा येतोय बगा." शिंकत बाहेर पडलो.

शेवटी दुकान सापडलं. छताला शंभरएक पाईप लटकत होते, वळणावळणाचे. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं नाही, साल विचारलं नाही. माझ्याकडचं कलेवर हातात घेतलं, मान वर केली आणि काठीनं एक पाईप काढला. "खालचा बी घ्या. वरचा गेला म्हणजे खालच्याला नोटीस लागली." खालचा घेतला, नव्या क्लिपा घेतल्या, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा एक थर्मोस्टॅट घेतला. मेहुणा फोनवर सांगत होता, थर्मोस्टॅट काढूनच टाका, सगळे तेच करतात. करतात खरं. पण तो काढला की इंजिन कधी नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. सोबत कूलंट आणि बॅटरीचं पाणी पाच लिटर. बोअरचं पाणी नको होतं. मामींच्या बंबाच्या आत खाराचा जो पांढरा थर बसलाय, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

संध्याकाळी पाईप चढवायला घेतला. चढेना. मामी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. रबराला तेल चालत नाही, म्हणून मी साबणाचं पाणी मागितलं. मामी म्हणाल्या, "वापरलेलं का नवं?" वापरलेलं चाललं. पाईप सरकला, क्लिप आवळली.

मग खरी कसोटी. झाकण उघडं, इंजिन चालू, हीटर चालू, आणि कूलंट-पाणी निम्मं-निम्मं हळूहळू ओतायचं. मध्ये मध्ये पाईप दाबायचा, म्हणजे अडकलेली हवा गुडगुडत वर येते. ती राहिली तर सगळं नवीन असूनही गाडी तापतेच. गल्ली पुन्हा जमली, या वेळी बाजल्यांसकट. वरचा पाईप गार होता. बराच वेळ गारच होता. मग एकदम चटका बसला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. राहिला पंखा. तो आपोआप सुरू होईपर्यंत काम झालं असं म्हणता येत नाही. काटा मधोमध आला. मध्याच्या किंचित वर गेला. कोणी बोलेना.

आतून घर्रर्र असा आवाज आला.

क्षणभर सगळी गल्ली पायाखाली बघायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या आजी पहिल्यांदा हसल्या. "जमिनीचा न्हाई ह्यो. जमिनीचा आमच्या वळखीचा हाय. ह्यो गाडीचा." पंखा फिरत होता. काटा खाली आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जेवण रात्री दहाला झालं. पुरणाचे धोंडे तुपात बुडवलेले, आणि माझ्या नखांत काळं. मामींनी हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं, जारमधलं.

परतीला तेहतीस अनारसे, एक निरांजन आणि पाण्याचे दोन कॅन. काटा उन्हात बसलेल्या म्हशीसारखा मधोमध बसून होता. तरी उजनीला थांबलो. हॉटेलातल्या पोरानं गाडी ओळखली आणि न सांगता बादली घेऊन धावत आला.

"नको रे, ठीक आहे गाडी."

त्यानं बादली खाली ठेवली, बॉनेटला हात लावून बघितला. तोंड पडलं त्याचं.

"मग थांबलाव कशाला?"

"बासुंदीला," बायको म्हणाली.