अहो, फोटो बघितलेत का?

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा कंपाउंडपाशी या, मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. पलीकडच्या धाकटीचे पदवीचे फोटो आले! हो हो, तीच. भावाच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बमात जिचं नुसतं कोपर सापडतं ती.

आईनं आधी फोटोग्राफर ठरवली, ॲडव्हान्स देऊन मोकळी झाली, आणि मग लेकीला सांगितलं. काय होणार? 'मी येत नाही जा!' ताटावरून उठली म्हणे. आईचा चेहरा खर्रकन उतरला. त्यात मावशी! 'आमच्या वेळी कोण विचारत होतं? बस म्हटलं की बसायचं.' मावशी तुम्हाला माहीतच आहेत...

तर काय सांगत होते, ती फोटोग्राफर पोरगी भारी डोक्याची हं. आधी कॅमेरा न घेताच घरी आली. चहा घेता घेता विचारलं, 'तुला तुझा कुठला फोटो सगळ्यात नकोसा वाटतो?' झालं! बारावीच्या आयकार्डापासून जी सुरुवात झाली... सेल्फीत नाक केवढं दिसतं इथपर्यंत. तर ती म्हणाली, अगं, मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक मोठं दिसणारच, तेच त्याला सगळ्यात जवळ! मी लांब उभी राहून काढीन. आणि म्हणे आपण स्वतःला रोज आरशात बघतो, भांग या बाजूचा त्या बाजूला, म्हणून फोटोतला चेहरा परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलींवर प्रयोगसुद्धा झालाय. मुलींना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो आवडला, मैत्रिणींना मात्र खरा. म्हणजे बघा, जो बघून आपण कुढतो तोच इतरांना आवडतो! मी घरी जाऊन भांग बदलून बघितला. तुम्ही हसू नका.

जागा म्हणाल तर पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. वाटेत मावशींना काय सुचावं? 'इथनंच निघाला हो तो प्लेगवाला रँडसाहेब, आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी गोळी...' पोरगी आधीच पांढरीफटक, त्यात हे! आणि आईला हवा काळा झगाच. विद्यापीठानं त्याला कधीच रजा दिली, त्याच्या जागी आलेल्या पगडीवरून २०१९ ला केवढं रण माजलं होतं, पण नाही. झगा नि चौकोनी टोपी भाड्यानं आणलीच.

वेळ मात्र त्या पोरीनं ठरवली, उतरत्या उन्हाची. भर दुपारी म्हणे डोळ्यांखाली काळं दिसतं आणि माणूस डोळे बारीक करतो.

तिथं पोचल्यावर आई, मावशी, आत्या तिघी ओळीनं उभ्या. 'हस ना गं! मान वर! दात दिसू देत!' पोरीचे खांदे कानांना टेकले. फोटोग्राफर कशी गोड बोलली, 'काकू, सगळ्यांसाठी चहाचं बघता का जरा? तिकडे, लांब.' मावशींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं! पण गेल्या.

मला विचाराल तर त्या पोरीला लाज कॅमेऱ्याची नव्हतीच, बघणाऱ्यांची होती.

एक मैत्रीण तेवढी ठेवून घेतली. 'हस' असं एकदाही म्हटलं नाही हो! नुसतं, दोघी चाला आणि व्हायव्हाला काय गोंधळ झाला ते बोला. पहिले फोटो 'हे फक्त उजेड बघायला' म्हणून काढले. लबाड! त्यातलेच दोन आता फ्रेमला गेलेत. हातांचं काय करू, हात कुठं ठेवू, म्हणून पोरगी कासावीस, तर टोपी काढून हातातच दिली. चष्मा चमकायला लागला तेव्हा काड्या कानांवर किंचित वर केल्या, काचा खाली झुकल्या, चमक गेली. आणि काय करायची माहितीये? बरा आला तेवढाच फोटो दाखवायची, बाकीचे गुपचूप पुढे ढकलायची. तो बघून पोरगी गप्प. मग म्हणाली, 'ही मी?' आणि थोड्या वेळानं आपणहून, 'अजून एक काढूया? पायऱ्यांवर?' मैत्रिणीनंच सांगितलं मला हे, आईला अजून पत्ता नाही.

आता नवीनच भांडण. आईला तो पायऱ्यांवरचा बायोडेटाला लावायचाय, 'कशी भारदस्त दिसते!' लेक म्हणाली, 'खबरदार!' आणि मावशी? चहा घेऊन परत आल्या तोवर ऊन गेलेलं. एकाच फोटोत आहेत त्या, तेही मागे, हातात किटली नि तोंड उघडं. तो नेमका पोरीनं फॅमिली ग्रुपवर टाकला! मावशी तडक ग्रुप सोडून गेल्या.

पण काल मला जिन्यात गाठून हळूच विचारत होत्या, त्या फोटोवालीचा नंबर आहे का हो, साठीचे काढायचेत. मी म्हटलं, बघते. आधी माझी तारीख पक्की होऊ दे की!