थाळी छतावर, सासूबाई मागच्या सीटवर

अ‍ॅडलेड
जुलैअखेर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

"फोनवर धड काही कळत नाही, लेखी कळव," असं बाबांनी फर्मावलं म्हणून लिहायला बसले आहे. बाबांचं चूक नाही. त्यांनी विचारलं, वाळवंटात इंटरनेट आलं कुठून? तेवढ्यात आईने सईच्या अंगात स्वेटर का नाही ते विचारलं, अर्णवने मेलेलं कांगारू दाखवलं, आणि सासूबाईंनी विहिणीशी चातुर्मासाचं बोलणं काढलं. बाबांचा प्रश्न राहिला तो राहिलाच. उभा जन्म साताऱ्याच्या तारघरात काढलेल्या माणसाला असा अर्धवट निरोप चालायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आता क्रमाने सांगते. मध्ये फाटे फुटले तर ते आईसाठी आहेत असं समजा.

आमच्या जुन्या लँडक्रूझरच्या छतावर कॅरिअर आहे. त्यावर एक पांढरी थाळी आडवी बसवली आहे. पोळपाटाएवढी, पण चौकोनी, वजनाला किलोभर. ही उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची सगळ्यात लहान थाळी. वायफायचा राउटर तिच्या पोटातच असतो आणि ती गाडीच्या बॅटरीवर चालते. आपल्या गच्चीवरची टीव्हीची छत्री कशी एकाच दिशेला रोखून बसवावी लागायची, माकडाने हलवली की चित्र जायचं? टीव्हीचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला जागचा हलत नाही असं दिसतं. स्टारलिंकचे उपग्रह त्या मानाने अगदी खालून जातात, साधारण ५५० किलोमीटरवरून. म्हणजे मुंबईहून गोव्याला जावं तेवढंसुद्धा नाही. मात्र ते तासाला २७,००० किलोमीटरच्या वेगाने पळत असतात आणि दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा उरकतात. एकेक जण आपल्या डोक्यावर जेमतेम काही मिनिटं असतो. तो मावळायच्या आत थाळी दुसऱ्याला गाठते. तरी ती स्वतः तसूभर हलत नाही, तिच्यात मोटरच नाही. आत शेकडो बारीक अँटेना असतात. प्रत्येकीचा सिग्नल कणभर मागेपुढे सोडला की सगळ्यांचा मिळून होणारा झोत हवा तिकडे वळतो. गाडी खड्ड्यातून उडत असली तरी चालतं.

उपग्रह जवळ असल्याचा फायदा आईला सगळ्यात जास्त झाला आहे. ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहातून बोललं तर शब्द जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद जास्तीचा लागतो. आईचं मध्येच तोडणं तेवढं उशिरा पोचलं असतं आणि माझं एखादं वाक्य तरी पुरं झालं असतं. ती सोय आता उरली नाही.

थाळी घेतली कुणासाठी, हेही बाबांनी विचारलं होतं. निखिल सगळ्यांना "सुरक्षेसाठी" म्हणून सांगतो. ते खोटं नाही. या देशात माणसं राहतात तिथे बहुतेक सगळीकडे मोबाइलला रेंज आहे, पण माणसं राहतात ती जागा थोडी. निम्म्याहून जास्त जमिनीवर फोनचा उपयोग घड्याळ आणि बॅटरी एवढाच. पण खरं सांगायचं तर निखिलला रेंज नसलेलीच सुट्टी हवी होती. ऑफिसला त्याने तसं कळवूनही टाकलं होतं. सासूबाईंनी मात्र नाशिकहून आल्या दिवशीच जाहीर केलं की रात्री साडेसातच्या मालिकेत आता सुनेचं कारस्थान उघडं पडणार आहे, आणि ते चुकवून आपण कुठेही येणार नाही. त्याच आठवड्यात आमच्याकडे सुरक्षेचा विचार सुरू झाला.

आम्ही गेलो तो ऊदनदत्ता ट्रॅक. मरी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत ६२० किलोमीटर कच्चा रस्ता, जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने. ती रेल्वे १९८० साली बंद पडली. मरी हे उंटांच्या तांड्यांचं गाव. रेल्वे संपायची तिथून पुढे सामान न्यायला उंटवाले आणले होते. त्यांना सरसकट "अफगाण" म्हणत, पण त्यातले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानातलेच. त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती गावात उभी आहे. सासूबाई तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब आले बिचारे, आणि घरचं काही कळायचं नाही." मग त्यांनी लगेच नाशिकला फोन लावला आणि दूधवाल्याचा हिशेब विचारला.

मरी सोडलं की टायरमधली हवा कमी करायची. ३८ ची २८ केली की खडी कमी टोचते आणि अंग जरा कमी हलतं. तरी हलतंच. वाहनांच्या चाकांनी रस्त्यावर आडव्या एकसारख्या वळ्या पडतात. हळू गेलात तर प्रत्येक वळी मणक्याला कळते, ताशी ७०-८० ने गेलात तर चाकं वरच्यावर तरंगतात, पण ब्रेक लागेलच असं नाही. या हादऱ्यांत निखिलच्या थर्मासचं झाकण निघालं, मागच्या नंबरप्लेटचा एक स्क्रू कुठेतरी वाळवंटाला अर्पण झाला, आणि सासूबाईंचा हरिपाठ आपोआप तालात आला. थाळी मात्र जागेवर होती. सासूबाई मागच्या सीटवरून फोनवर पाहत नेट आहे की गेलं ते सांगत होत्या, त्यामुळे आमच्या गाडीला कंडक्टरही मिळाला.

आता थाळीची एक खोड सांगते. तिला मोकळं आकाश लागतं. वर फांदी आली की बोलणं तुटतं. या वाळवंटात झाडं मुळातच दुर्मिळ, ओढ्याच्या काठी कूलिबाची असतात तेवढीच. मैलोन्‌मैल दगडगोट्यांचं माळरान पार करून सावली दिसली की सगळ्यांना तिथेच गाडी लावायची असते, आणि त्याच सावलीत मालिका दिसत नाही. यावर आमच्याकडे रोज दुपारी सभा भरायची. शेवटी निखिलने लांब केबल आणली होती ती काढली, गाडी सावलीत आणि थाळी उन्हात अशी तडजोड झाली. पण माशांचा ठराव कुणालाच मांडता आला नाही. तोंडावर जाळी बांधून चहा कसा प्यायचा ते आईला प्रत्यक्षच दाखवेन.

दुसरा प्रश्न विजेचा. थाळीला २५ ते ४० वॉट लागतात, फ्रिजला वेगळे. रात्रभर दोन्ही चालू ठेवले तर सकाळी निखिलचा चेहरा पडायचा. फ्रिजमध्ये दही होतं, थाळीत मालिका होती. यावर अर्णवने शाळेत शिकलेली गोष्ट काढली. १९२९ साली इथल्या आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसाने पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ केला. एकट्या पडलेल्या घरांतली माणसं पेडल मारत मॉर्समध्ये डॉक्टरला निरोप पाठवायची. पेडलमधून निघायचे साधारण २० वॉट. म्हणजे मालिका पाहायची तर दोन माणसांनी तरी पेडल मारायला हवं. सासूबाईंनी निखिलच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाईट नाही कल्पना." बाबा, तुम्हाला आवडेल असं पुढे आहे. मॉर्स सगळ्यांना जमेना, तेव्हा ट्रेगरने टाइपरायटरची कळपट्टी जोडली. अक्षर दाबलं की आपोआप कडकट्ट. त्या डॉक्टरांचं विमान १९२८ पासून उडतं आहे आणि दूरच्या मळ्यांवर त्यांच्या औषधांची पेटी ठेवलेली असते, औषधांना नंबर दिलेले. डॉक्टर लांबून सांगतात अमुक नंबरची गोळी द्या. तुमच्या शुभेच्छांच्या तारांना नंबर असायचे तसेच. फक्त इथे नंबर चुकून भलत्यालाच लग्नाच्या शुभेच्छा गेल्या तर निभावायचं नाही.

मालिका पाहणं हा तर सोहळाच झाला. तुमचे साडेसात म्हणजे इथले साडेअकरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहता येते, हे मी पुष्कळ समजावलं. "शिळं नको," एवढंच उत्तर. पारा पाच अंशांवर, डोक्यावर पांढरीफटक आकाशगंगा, आणि सासूबाई कानटोपी, निखिलचं जॅकेट आणि दोन रजया घेऊन खुर्चीत. शेजारी बॅलरॅटचं एक सत्तरीचं जोडपं कॅरॅव्हॅन लावून होतं. निवृत्त झाल्यावर गाडी घेऊन देशभर हिंडणारे असे पुष्कळ आजी-आजोबा इथे भेटतात. उजेड पाहून ते आले, चहा मिळाल्यावर बसले, आणि एकही शब्द कळत नसताना पूर्ण भाग पाहिला. मध्येच आजीबाईंनी विचारलं, यातली वाईट कोण? सासूबाई इंग्रजीत म्हणाल्या, "धिस वुमन, व्हेरी बॅड. हर मदर-इन-लॉ, मोअर बॅड." मग माझ्याकडे वळून, "नॉट मी." दुसऱ्या रात्री ते दोघं आपल्या खुर्च्या आणि बिस्किटं घेऊन सव्वाअकरालाच हजर.

आषाढीला आम्ही कॉवर्ड स्प्रिंग्जला होतो. जमिनीतून गरम पाणी वर येतं, खजुराची जुनी झाडं आहेत. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमाराला, म्हणजे इथे साडेसहा. आयुष्यभर जिच्यासाठी मध्यरात्री उठायचा संकल्प केला आणि दर वर्षी डोळा लागला, ती पूजा यंदा नेहमीच्या वेळेला उठून बघायला मिळाली, म्हणून सासूबाई ऑस्ट्रेलियावर खूश आहेत. मानाच्या वारकरी जोडप्यातल्या बाईंचं लुगडं स्पष्ट दिसलं, काठ कोणता तेही त्यांनी सांगितलं. मी गॅसवर साबुदाण्याची खिचडी केली. बॅलरॅटच्या आजोबांनी ती दोनदा घेतली आणि हे उपासाचं म्हटल्यावर, मग तुम्ही सणाला काय खाता, असं फार आदराने विचारलं.

निखिलच्या सुट्टीचं मात्र मातेरं झालं. ऑफिसने सोडलं, पण कोथरूडच्या सोसायटीने गाठलं. अ‍ॅल्जेबकिना म्हणून घान रेल्वेचा ५७८ मीटर लांब लोखंडी पूल आहे, खाली नील्स नदी, बहुतेक ठणठणीत कोरडी. अशा जागी उभं राहून हा माणूस लिफ्टच्या दुरुस्तीच्या वर्गणीवर बोलत होता. तळमजल्यावाल्यांनी वर्गणी द्यावी की नाही हा वाद वाळवंटातही तितकाच नेटाने चालतो. सभापतींनी मागचा पूल पाहून विचारलं, खडकीचा का? तो हो म्हणाला. मला वाटतं ते बरोबर केलं, नाहीतर आणखी अर्धा तास गेला असता.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. विल्यम क्रीकच्या अलीकडे स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला दगडी भिंतींचे अवशेष आहेत. ते तारेचं रिपीटर स्टेशन. चार्ल्स टॉड यांनी अ‍ॅडलेडपासून डार्विनपर्यंत ३,००० किलोमीटरहून लांब तार ओढली, ३६,००० खांबांवर, आणि ती २२ ऑगस्ट १८७२ ला जोडली गेली. विजेचा जोर वाटेत कमी व्हायचा, म्हणून ठिकठिकाणी माणूस बसवलेला. त्याने कानाने ऐकायचं आणि हाताने पुढे द्यायचं. डार्विनहून समुद्राखालून जावा, मग सिंगापूर, मद्रास, मुंबई, एडन, सुएझ आणि लंडन. सुरुवातीला २० शब्दांना ९ पौंडांहून जास्त पडायचे, त्यामुळे कुणी स्वेटरची चौकशी करत नसे. म्हणजे या पडक्या भिंतींच्या आतून गेलेला निरोप मुंबईत तुमच्याच खात्याच्या माणसांनी पुढे ढकलला असणार. तिथून मी तुम्हाला मुद्दाम व्हिडिओ लावला होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "रात्रपाळीला किती माणसं असायची?" आणि आई मागून ओरडली की पडक्या घरात शिरू नका, साप असतील. उत्तर शोधते आहे, बाबा. खात्रीचं मिळालं की कळवते.

कोयनेच्या खोऱ्यातल्या घरी अशी थाळी येताना घेऊन ये, असं तुम्ही म्हणालात. तसं आणता येणार नाही. आपल्याकडे परवानगीशिवाय साधा सॅटेलाइट फोनसुद्धा आणलेला चालत नाही, विमानतळावरच बसवून ठेवतील. रीतसर मिळाली तरी मुसळधार पावसात सिग्नल मंदावतो, आणि आपल्या परसात आकाश दिसायला फणस, दोन्ही आंबे आणि ऐनाचं झाड तोडावं लागेल. फणसाचं आईशी तुम्हीच बोला.

अर्णव-सई मजेत आहेत. गोडा मसाला संपत आला आहे, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. सासूबाईंचा विहीणबाईंना नमस्कार.

बॅलरॅटच्या आजींची काल मेल आली. घरी पोचल्या, पण सुनेचं पुढे काय झालं याची चुटपुट लागली आहे म्हणतात. सासूबाई सकाळपासून उत्तर सांगताहेत. तीन पानं झाली आणि आत्ता कुठे थोरल्या जावेच्या माहेरापर्यंत आलो आहोत. हे सगळं मला इंग्रजीत करायचं आहे, तेव्हा इथे थांबते.

तुमची,
मंजू